शनिवारी थांबणारा घाणा

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर, नवगावकर, केहीमकर, तळकर, म्हसळेकर, दिवेकर. ही आडनावे वाचली की रायगड जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. भोगावतीकाठचे पेण, कुंडलिकेकाठचे रोहे, नदीपलीकडची अष्टमी, समुद्राकडचे किहीम आणि नवगाव. या गावांवरून नाव घेतलेल्या समाजांत बेने इस्राएल हा एक समाज आहे. घरात मराठी बोलणारा, वालाचे बिरडे खाणारा, बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र असणारा आणि धर्माने यहुदी. कोकणातल्या इतर लोकांनी त्यांना धर्मावरून नव्हे, तर धंद्यावरून आणि सुट्टीच्या वारावरून ओळखले. हिंदू तेली शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवत, ते सोमवार तेली. हे शनिवारी बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली.

दुःखात देव गप्प राहतो, हाक मारूनही उत्तर देत नाही, तेव्हा माणसाने त्याच्यावर भरवसा कसा ठेवावा? हा प्रश्न फार जुना आहे. बायबलातल्या ईयोबाला तो पडला. १६३०च्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या देहूच्या तुकोबांनाही तो पडला. इंद्रायणीत वह्या बुडाल्यानंतर ते तेरा दिवस नदीकाठी बसून राहिले, असे परंपरा सांगते. पण ईयोबाची कथा ग्रंथात आहे आणि तुकोबांची वेदना अभंगांत आहे. दोघांजवळही देवाशी भांडायला भाषा होती. बेने इस्राएलांच्या इतिहासात पहिल्यांदा हरवली ती ही भाषाच. ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, प्रार्थनालय नाही, हिब्रू नाही. अशा स्थितीत एक समाज पिढ्यान् पिढ्या आपल्या देवाशी कसा बांधलेला राहिला, हे पाहणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

नवगावचे दोन उंचवटे

समाजाची आदिकथा अलिबागजवळच्या नवगावला सुरू होते. पूर्वजांचे गलबत किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्यावर आणली आणि वाचलेल्यांनी ती पुरली. पुरुषांचा एक उंचवटा आणि स्त्रियांचा एक, असे दोन उंचवटे समाजाने आपल्या स्मृतीत जपले. आज तिथे स्मारक आहे. बरोबर आणलेले सारे ग्रंथ त्याच वेळी समुद्रात गेले, असेही ही कथा सांगते.

हाईम सॅम्युएल केहीमकर या समाजाच्या पहिल्या मोठ्या इतिहासकाराने हे आगमन इसवी सनापूर्वी १७५च्या आसपासचे मानले. ग्रीक राजा अँटिओकस याच्या छळाला कंटाळून निघालेले हे लोक असावेत, असा त्यांचा तर्क होता. केहीमकरांचा इंग्रजी ग्रंथ १८९७मध्ये लिहून झाला होता, पण तो छापला गेला १९३७मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर. या तारखेला समकालीन पुरावा नाही. वाचलेल्या चौदा जणांची ही कथा परशुरामाने किनाऱ्यावरच्या चौदा प्रेतांना जिवंत केल्याच्या चित्पावनांच्या कथेशी जुळते, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियातील यहुदी आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. कोणीतरी समुद्रमार्गे आले आणि इथल्या मातीत मिसळले, एवढे त्यावरून म्हणता येते. नेमके केव्हा आले, हा वाद चालू राहील.

तारीख खरी असो वा नसो, कथेची रचना बोलकी आहे. जगातल्या बहुतेक आदिकथा देवाच्या वाणीने सुरू होतात. देव आज्ञा देतो, वचन देतो, वाट दाखवतो. नवगावच्या कथेत देव एक शब्दही बोलत नाही. वादळ का आले, चौदाच का वाचले, बाकीच्यांचा काय अपराध होता, याचे स्पष्टीकरण कथा देत नाही. वाचलेली माणसे पहिले काम करतात ते मृतांना माती देण्याचे. मग गावांत शिरतात आणि तेलाचा घाणा चालवू लागतात.

उरलेली एक प्रार्थना

या समाजाचा सर्वात जुना लेखी उल्लेख १७३८चा आहे. सार्टोरियस या मिशनऱ्याने आपल्या पत्रात लिहिले की, या भागात स्वतःला बेने इस्राएल म्हणवणारे लोक आहेत. त्यांच्याजवळ बायबल नाही, त्यांना फक्त ‘शेमा’ ठाऊक आहे. तीस वर्षांनी, १७६८मध्ये, कोचीनचे यहुदी व्यापारी यहेज्केल रहाबी यांनी हॉलंडला पाठवलेल्या पत्रात जवळपास हेच सांगितले. तेल गाळणारे लोक, शेमा तेवढी माहीत, शब्बाथ पाळतात. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन बाहेरच्या साक्षीदारांचे इतके एकमत व्हावे, हे इतिहासकाराला महत्त्वाचे वाटते.

शेमा म्हणजे काय? या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘ऐक’ असा आहे. प्रार्थनेचा आशय थोडक्यात असा: इस्राएलाने ऐकावे की देव एकच आहे. यहुदी धर्मातली ही सर्वात मूळची प्रार्थना. जन्म, सुन्ता, लग्न, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी बेने इस्राएल ही एकच प्रार्थना म्हणत.

या प्रार्थनेत देवाकडे काहीही मागितलेले नाही. ती देवाला उद्देशून नाहीच. तिच्यात एक माणूस आपल्याच माणसांना ‘ऐका’ म्हणतो आहे. दुःखात सापडलेला माणूस देवाला ‘माझे ऐक’ म्हणतो आणि उत्तर आले नाही की देव मुका आहे असे समजतो. ज्यांच्यापाशी शेमाखेरीज काही उरले नव्हते, त्यांना ही तक्रार मांडायलाही शब्द नव्हते. उलट दर वेळी ऐकण्याचे काम त्यांच्याच पदरात पडत होते. कोकणातल्या तेल्यांनी असा विचार करून शेमा निवडली, असे मला म्हणायचे नाही. बुडत्या गलबतातून माणूस हाताला येईल ते घेऊन निघतो. पण जे हाताला आले, त्याने पुढच्या शेकडो वर्षांच्या श्रद्धेला आकार दिला.

दुसरी उरलेली गोष्ट म्हणजे शनिवार. घाणा हा रोजचा धंदा. बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधायची आणि लाट फिरवत ठेवायची. गावाला दिव्यासाठी आणि जेवणासाठी रोज तेल लागते. अशा धंद्यात सातातला एक दिवस सोडायचा म्हणजे वर्षाकाठी बावन्न दिवसांची मिळकत सोडायची. ती का सोडायची, हे सांगणारा ग्रंथ घरात नव्हता आणि नाही सोडली तर जाब विचारणारा धर्मगुरूही गावात नव्हता. तरी घाणा थांबत होता. या समाजाचा भरवसा त्याच्या बोलण्यात शोधला तर फारसे सापडत नाही, कारण लिहिलेले काही मागे राहिले नाही. तो या थांबलेल्या घाण्यात दिसतो.

कथेविना सण

सणांचेही तसेच. यहुदी सणांची हिब्रू नावे विसरली गेली, पण दिवस राहिले आणि त्यांना मराठी नावे मिळाली. नववर्षाचा तो नव्याचा सण. मिसरातून सुटकेचा तो अनाशी ढाकायचा सण, कारण त्या दिवसांत आंबवणाचा रांजण झाकून ठेवत. पुरीम हा होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो होळीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन म्हणजे अब महिन्याची नवमी. तो झाला बिरड्याचा रोजा, कारण उपास वालाच्या बिरड्याने सोडत.

यांतल्या दोन सणांपाशी थोडे थांबायला हवे. पुरीमचा सण एस्तेरच्या ग्रंथावर आधारलेला आहे. संपूर्ण समाजाच्या कत्तलीचा हुकूम निघतो आणि ऐनवेळी सुटका होते, अशी ती कथा. या ग्रंथाच्या हिब्रू पाठात देवाचे नाव एकदाही येत नाही. देवाने तोंड लपवल्याचे उदाहरण म्हणून यहुदी विद्वान शतकानुशतके त्याची चर्चा करत आले. कोकणात हा ग्रंथच नव्हता. सुटकेचा आनंद साजरा होत होता, पण कोणापासून आणि कशी सुटका, हे सांगणारे कोणी नव्हते. बिरड्याच्या रोजाला मंदिर पडल्याचे दुःख उपासातून पाळले जात होते, पण त्या मंदिराचे वर्णन कोणाच्या घरी नव्हते. श्रद्धेचे सांत्वन करणारा भाग गेला होता आणि पाळायचा भाग तेवढा राहिला होता.

वर्षातला सर्वात गंभीर दिवस म्हणजे प्रायश्चित्ताचा योम किप्पूर. त्याचे मराठी नाव दारफळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा दिवस. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, उपास धरून माणसे घराची दारे बंद करून आत बसत. बाहेरच्या कोणाशी व्यवहार नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारे उघडत, दानधर्म होई, एकमेकांकडे जाणे-येणे होई. ज्या देवाकडून काही ऐकू येत नव्हते, त्याच्यासमोर ही माणसे स्वतःही दिवसभर गप्प बसत आणि दार उघडल्यावर पहिल्यांदा गरिबाकडे वळत.

एलियाहू हनाबी

या समाजाच्या मनात सर्वात जवळचा संत एलिया, त्यांच्या भाषेत एलियाहू हनाबी. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका कातळावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. नवस बोलला की त्याच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुकामेवा आणि भोवती फळे. पोह्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणच्या मुलखात हा प्रसाद रुजला, यात नवल नाही. इतर देशांतले यहुदीही एलियाला मानतात, पण मलिदा कोकणचाच.

एलियाची बायबलातली कथा देवाच्या मौनाशी थेट भिडणारी आहे. कर्मेल डोंगरावर त्याच्या हाकेला स्वर्गातून अग्नी उतरतो. पण त्यानंतर लगेच राणी त्याच्या जिवावर उठते. तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. पुढे होरेब डोंगरावर प्रचंड वारा सुटतो, मग भूकंप, मग आग. देव यांपैकी कशातही नसतो. शेवटी जे येते त्याचे हिब्रू शब्द भाषांतरकारांना नेहमी अडवतात. बारीक, जवळजवळ न ऐकू येणाऱ्या शांततेचा आवाज, असा त्यांचा अर्थ होतो. आणि त्या शांततेनंतर एलियाला सांत्वन मिळत नाही. तू इथे काय करतोस, असा प्रश्न येतो आणि पुढची कामे सोपवली जातात.

ग्रंथ हरवलेल्या काळात कोकणातल्या माणसांना हा अध्याय माहीत असण्याची शक्यता कमी. त्यांना माहीत होता तो येणारा-जाणारा, संकटात धावणारा एलिया. पण पुढे ग्रंथ हाती आला, तेव्हा आपल्या आवडत्या संताने मरण मागितले होते, हेही त्यांनी मराठीत वाचले.

नवस फळलेला एक माणूस

अठराव्या शतकात इंग्रजांच्या नोकरीमुळे रायगडच्या गावांतून मुंबईकडे वाट सुरू झाली. समाजी हसाजी दिवेकर हे कंपनीच्या फौजेत होते. म्हैसूरच्या युद्धात ते कैद झाले. आपण बेने इस्राएल आहोत असे सांगितल्यावर टिपूच्या आईच्या मध्यस्थीने प्राण वाचले, असे समाजाची परंपरा सांगते. सुटलो तर प्रार्थनालय बांधीन, असा नवस त्यांनी केला होता. १७९६मध्ये मुंबईत त्यांनी बांधलेले सिनेगॉग उभे राहिले. त्याचे नाव शाआर हारहामिम, दयेचे द्वार. त्यासाठी तोराच्या गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि १७९७मध्ये तिथेच वारले.

ही कथा सांगताना सुटकेपाशी थांबण्याचा मोह होतो. पण त्याच तुरुंगांतून न परतलेल्यांनीही नवस बोलले असतील. त्यांची प्रार्थनालये उभी राहिली नाहीत, म्हणून त्यांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत. इतिहासाला फळलेले नवस ऐकू येतात, न फळलेले ऐकू येत नाहीत. श्रद्धेचा इतिहास लिहिणाऱ्याने हे विसरू नये. नवगावच्या कथेने ते विसरू दिलेले नाही. वाचलेल्या चौदा जणांइतकीच बुडालेल्यांची जागाही तिने राखली.

शब्द परत आले

रहाबी नावाच्या एका पुरुषाने कोकणात येऊन या लोकांची ओळख पटवली, अशी परंपरा आहे. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली. खवले आणि पर नसलेला मासा त्यांनी बाजूला काढला. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केले, ते काजी. हा रहाबी फार प्राचीन की अठराव्या शतकातला, यावर मतभेद आहेत. पण एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, हे निश्चित. मिशनरीही आले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये हिब्रू व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले, ते मुख्यतः याच समाजासाठी. हेतू धर्मांतराचा होता, पण धर्मांतरे फार थोडी झाली. समाजाने व्याकरण घेतले आणि त्याच्या आधारे स्वतःचेच ग्रंथ उघडले. १८४६मध्ये मुंबईत आणि १८७४मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली. पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रांत साड्या नेसलेल्या स्त्रिया सणाच्या भाकरी करताना दिसतात. जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८०पासून बेने इस्राएल कीर्तनकार नारदीय पद्धतीने योसेफ, मोशे, एलिया यांची आख्याने लावू लागले. १८६३मध्ये पेणला बेथ हाएलोहीम हे सिनेगॉग झाले. रोह्याला अष्टमीतही सिनेगॉग उभे राहिले.

क्रम उलटा होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एरवी माणूस आधी कथा ऐकतो आणि मग व्रत धरतो. इथे रांजण झाकायचे व्रत आधीपासून होते. मिसरातल्या गुलामांचा आक्रोश कित्येक पिढ्यांनंतर ऐकला गेला, ही त्यामागची कथा नंतर मराठीत आली. देव इतका काळ गप्प होता की आपल्याला त्याची भाषा समजत नव्हती, असा प्रश्न त्या पहिल्या वाचकांना पडला असेल, तर तो स्वाभाविकच होता.

वचनाच्या भूमीत

१९४८मध्ये इस्राएल स्थापन झाले. तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांतले बहुतेक तिकडे गेले. ज्या भूमीच्या नावाने पूर्वजांनी उपास केले, तिथे पोहोचल्यावर अनेकांना वर्णभेदाचा अनुभव आला. १९५१मध्ये काही जणांनी तेल अवीवला धरणे धरले आणि १९५२मध्ये शंभराहून अधिक माणसे विमानाने भारतात परतली. १९६०नंतर तर तिथल्या धर्मसंस्थेने यांच्या यहुदी असण्यावरच शंका घेतली. इतर यहुद्यांशी लग्न लावायचे तर आधी पूर्वजांची चौकशी. शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्यांना आता त्याचा पुरावा मागितला जात होता.

ते गप्प बसले नाहीत. धरणे आणि उपोषण ही भारतात शिकलेली साधने त्यांनी वापरली. १७ ऑगस्ट १९६४ला इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत. देवावरचा भरवसा म्हणजे माणसांचा अन्याय मुकाट्याने सोसणे, असा अर्थ त्यांनी केला नाही. देवाच्या मौनापुढे ज्यांनी धीर धरला, त्यांनी धर्मगुरूंच्या नकारापुढे तो धरायचे नाकारले.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. कोकणात याच समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. ज्यांच्या आया समाजाबाहेरच्या मानल्या जात, त्यांना काळे म्हणत. त्यांच्याशी रोटीबेटी टाळली जाई. वंशाची जी चौकशी जेरुसलेमला वाट्याला आली, ती आपल्याच गावांत, आपल्याच माणसांनी आधी केलेली होती. ‘ऐका’ म्हणणारी प्रार्थना दोन्ही ठिकाणी म्हटली जात होती.

दहा जणांचा हिशेब

आता पेण-रोह्याच्या परिसरात या समाजाची मोजकीच कुटुंबे उरली आहेत. घाणे केव्हाच गेले. यहुदी प्रथेप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. दहा नसतील तर तोराचे जाहीर वाचन होत नाही. मृतांसाठी म्हणायची कद्दीशही म्हणता येत नाही. कद्दीशचे वैशिष्ट्य असे की तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही. ज्याचे माणूस गेले आहे त्याने उभे राहून देवाची महती गायची आणि भोवतालच्या नऊ जणांनी ‘आमेन’ म्हणायचे. दुःखी माणसाला देवाकडून उत्तर मिळेल, अशी हमी ही प्रथा देत नाही. त्याच्याजवळ नऊ माणसे उभी राहतील, एवढी व्यवस्था मात्र ती करते. रायगडातल्या गावांत आज कमी पडतात ती ही नऊ माणसे. इथे देवाच्या मौनापेक्षा माणसांचे मौन अधिक जाणवते.

शेमेला दहा जण लागत नाहीत. ती एकट्याने म्हणता येते, निजताना, प्रवासात, आजारपणात. जुन्या कोकणात पुढच्या-मागच्या गावात यहुद्याचे एखादेच घर असे, तेव्हाही ती तशीच म्हटली जात होती. त्या घराला दुसऱ्या दिवशी उत्तर मिळाले की नाही, याची नोंद कुठे नाही. शनिवारी घाणा बंद होता, एवढी नोंद आहे, आणि तीही शेजाऱ्यांनी ठेवलेल्या नावात.